पुण्याहून पहिल्यांदा हिमालयात ट्रेकला जाताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर शनिवार-रविवारी किल्ल्यांवर जाणाऱ्या आणि आता हिमालयाकडे डोळे लागलेल्या लोकांकडून हे प्रश्न सतत येतात. सोप्या प्रश्नांपासून सुरुवात केली आहे, अडचणीचे प्रश्न पुढे आहेत. औषधांविषयी जे लिहिलं आहे ते डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं हे कळावं म्हणून. डोस तेच ठरवतील.

१. सह्याद्रीत इतके किल्ले असताना हिमालयात कशासाठी जायचं?

दोन्हींतला आनंद वेगळा आहे. सह्याद्रीचा ट्रेक बहुधा एका दिवसाचा: पहाटे स्वारगेटहून एसटी, दुपारी बालेकिल्ला, रात्री घरी. हिमालयात पाच-सात दिवस रोज चालायचं आणि रोज पुढच्या मुक्कामी पोचायचं असतं. तिसऱ्या दिवसापर्यंत फोनची रेंज, ऑफिस, ट्रॅफिक सगळं गळून पडतं. मग दिवसात चालणं, जेवणं, झोपणं आणि समोरचा डोंगर एवढंच उरतं.

शिवाय चार दिवसांच्या चढात निसर्गाचे थर एकामागून एक पायाखालून जातात. खाली देवदार आणि बांज, वर बुरांश, त्याच्यावर भोजपत्र. गढवालमध्ये साधारण साडेतीन हजार मीटरच्या आसपास झाडं संपतात आणि बुग्याल, म्हणजे गवताची उघडी कुरणं लागतात. त्यापुढे मोरेन, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेले दगडगोट्यांचे ढीग, आणि बर्फ. तिथली हवा विरळ, कोरडी आणि बिनधुळीची असल्यामुळे लांबचं जवळ दिसतं. धुक्यात वाट शोधणारा आपला डोळा तिथे फसतो. तासाभरावर वाटणारी खिंड चार तासांवर निघते.

आणखी एक कारण आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. त्या उंचीवर शरीर घाई करूच देत नाही. दहा पावलं, श्वास, पुन्हा दहा पावलं. या चालीत आजूबाजूचं जेवढं दिसतं तेवढं धावत गड सर करताना दिसत नाही. पुढच्या बहुतेक उत्तरांच्या मुळाशी हीच गोष्ट आहे: सावकाश चालणाऱ्याला हिमालय सुरक्षितही असतो आणि सुंदरही दिसतो.

२. ‘उंचावरचा ट्रेक’ म्हणजे नेमकी किती उंची?

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. सिंहगडाचा माथा १,३०० मीटरच्या आसपास, तर महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. विरळ हवेचा त्रास साधारण २,५०० मीटरच्या वर सुरू होतो. म्हणजे महाराष्ट्रात कुठेही चढलात तरी त्या उंचीची सवय शरीराला लागत नाही.

हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण सगळीकडे सुमारे २१ टक्केच असतं. वर जाताना कमी होतो तो हवेचा दाब. ३,५०० मीटरवर एका श्वासात समुद्रसपाटीच्या मानाने जेमतेम ६५ टक्के ऑक्सिजन मिळतो, ५,५०० मीटरवर निम्मा.

३. मी राजगड-तोरणा एका दमात करतो. मला उंचीचा त्रास होणार नाही ना?

होऊ शकतो, आणि तंदुरुस्त माणसाला तो जास्त फसवतो. विरळ हवेशी जुळवून घेण्याची क्षमता प्रत्येकाच्या शरीराची वेगळी असते. दम, स्नायू किंवा वजन यांवरून तिचा अंदाज येत नाही. दमदार माणूस सवयीने पुढे धावतो, दिवसाभरात जास्त उंची गाठतो आणि संध्याकाळी डोकं धरून बसतो. मागून सावकाश येणारा वयस्क माणूस त्याच मुक्कामी दोन वेळा जेवतो.

चालताना शेजारच्याशी सलग दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत. धाप लागून बोलणं तुटलं की वेग कमी करा.

४. मग सराव कशाला करायचा? आणि पुण्यात राहून कसा करायचा?

सरावाने उंचीचा त्रास टळत नाही. पण सात दिवस रोज सहा-सात तास चालायची ताकद त्यातूनच येते, आणि न थकलेला माणूस डोकं शाबूत ठेवून निर्णय घेतो. निदान बारा आठवडे हाताशी ठेवा.

पहिले चार आठवडे: आठवड्यातून चार दिवस तळजाई, हनुमान टेकडी किंवा वेताळ टेकडीवर ४५ मिनिटं भराभर चाल. पुढचे चार: त्यातल्या दोन दिवशी पर्वतीच्या पायऱ्या, हळूहळू वाढवत आठ-दहा फेऱ्या, आणि रविवारी आतकरवाडीतून सिंहगड. हा सुमारे ६०० मीटरचा चढ आहे, म्हणजे हिमालयातल्या एका चांगल्या दिवसाएवढा. शेवटचे चार: पाठीवर ८ किलो घेऊन तोच सिंहगड, आणि एकदा शनिवार-रविवार लागोपाठ दोन्ही दिवस. दुसऱ्या दिवशी पाय कसे साथ देतात यावरून तयारीचा खरा अंदाज येतो. कात्रज-सिंहगड हा टेकड्यांचा लांबलचक चढउतार जमला तर उत्तमच, पण निघण्याच्या आदल्या आठवड्यात नको.

बरेच जण गड चढून जातात आणि शेअर जीपने खाली येतात. तसं करू नका. मांडीच्या पुढच्या स्नायूंवर खरा ताण उतरताना येतो, आणि हिमालयात गुडघे उतरताना बोलतात. उतार पायीच उतरा. निघण्याआधी चार-पाच दिवस फक्त हलकी चाल ठेवा.

५. पहिल्यांदा कुठे आणि कधी जावं?

मुक्काम ४,००० मीटरच्या आत राहील असा ट्रेक निवडा.

‘हर की दून’ आम्ही सर्वांत आधी सुचवतो. उत्तराखंडात, सुमारे ३,५०० मीटर, चढ संथ, वाटेत नांदती गावं, समोर स्वर्गारोहिणी शिखर. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर चांगला. बर्फ बघायचाच असेल तर डिसेंबर ते मार्चमध्ये केदारकंठा, सुमारे ३,८०० मीटर. नाताळच्या आठवड्यात तिथे फार गर्दी होते, शक्य असेल तर तो टाळा. कांचनजुंगाचं दर्शन हवं असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पश्चिम बंगालमधलं संदकफू, ३,६३६ मीटर. हामटा खिंड सुमारे ४,२७० मीटर आहे. मनालीकडची बाजू हिरवी, लाहौलकडची उघडी-कोरडी, हा पालट विलक्षण आहे. पण उंची पटापट वाढते, म्हणून ती दुसऱ्या खेपेला.

जुलै-ऑगस्टमध्ये गढवाल-कुमाऊँत दरडी कोसळतात. ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’चा बहर मात्र तेव्हाच असतो, तिथे जायचं तर राखीव दिवस जास्त ठेवा. नाहीतर त्या काळात लडाख-स्पितीकडे वळा. सह्याद्री ओलांडला की दौंड-बारामतीकडे पाऊस जसा आटतो, तसाच हिमालयाच्या मुख्य रांगेपलीकडे आटतो.

जुन्या माहितीवर कार्यक्रम आखू नका. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांमध्ये रात्रीचा मुक्काम करायला मनाई केली. त्यामुळे रूपकुंडसारख्या वाटांवरची जुनी मुक्कामाची गणितं मोडली.

६. विरळ हवेचा त्रास ओळखायचा कसा, आणि झाला तर काय करायचं?

हे उत्तर गटातल्या प्रत्येकाने वाचावं.

चढताना धाप लागणं, रात्री वारंवार लघवीला उठणं, झोप तुटक लागणं हे त्या उंचीवर सगळ्यांनाच होतं. त्रास म्हणजे डोकेदुखी आणि तिच्याबरोबर मळमळ, अन्नावरची वासना जाणं, चक्कर किंवा गळाठा यांपैकी काहीही. तो बहुधा नव्या उंचीवर पोचल्यावर सहा ते बारा तासांत, म्हणजे संध्याकाळी किंवा रात्री सुरू होतो. २,५०० मीटरच्या वर डोकं दुखलं तर ‘उन्हाने असेल’, ‘पित्त असेल’ असं समजू नका. दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच त्रास धरायचा.

तेव्हा करायचं ते असं. आहे त्याच मुक्कामी थांबा. पाणी, गरम सूप, थोडं खाणं, डोकेदुखीला पॅरासिटामॉल. त्रास पूर्ण थांबेपर्यंत एक मीटरही वर चढायचं नाही. बहुतेकांना एक-दोन दिवसांत बरं वाटतं. त्रास वाढत गेला तर खाली उतरवा.

दोन अवस्थांत मात्र सकाळची वाट पाहायची नाही. पहिली, फुप्फुसात पाणी होणं: बसल्या जागी धाप, खोकला, ओठ-नखं निळसर, पुढे गुलाबी फेस. दुसरी, मेंदूला सूज: असंबद्ध बोलणं, विचित्र वागणं, तोल जाणं. तोल तपासायला जमिनीवर तीन मीटरची सरळ रेघ ओढा आणि टाचेला बोटं लावत चालायला सांगा. झोकांडी गेली तर रात्र असली तरी उतरवायचं, शक्यतो त्याला न चालवता, निदान ३०० ते १,००० मीटर, आणि बरोबर एक धडधाकट माणूस हवाच. ऑक्सिजन असेल तर द्या, पण ऑक्सिजन मिळाला म्हणून उतरणं लांबवू नका.

टाळण्यासाठी साधा हिशोब ठेवा: ३,००० मीटरच्या वर रोजच्या झोपण्याची जागा आदल्या दिवसापेक्षा ५०० मीटरहून जास्त वर नको, आणि दर तीन-चार दिवसांनी एक जास्तीची रात्र त्याच उंचीवर. दिवसा वर जाऊन यायला हरकत नाही, झोप खाली हवी. दारू आणि झोपेच्या गोळ्या पूर्ण बंद.

७. डायमॉक्सची गोळी सगळ्यांनीच घ्यावी का?

नाही. डायमॉक्स ही उंचीचा त्रास टाळण्यासाठी देतात ती गोळी. उंची संथपणे वाढत असेल तर बहुतेकांना तिची गरज पडत नाही. याआधी त्रास झालेला असेल, किंवा लेहसारख्या ३,५०० मीटरवरच्या ठिकाणी थेट विमानाने उतरणार असाल, तर डॉक्टरांशी बोला. प्रौढांना सर्वसाधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आधीच सांगा. बोटांना मुंग्या येणं, लघवी जास्त होणं, सोड्याची चव सपक लागणं हे तिचे नेहमीचे परिणाम. काहींना गोळी मानवत नाही, म्हणून दोन दिवस घरीच घेऊन पाहावी.

गोळी घेऊन मुक्काम गाळता येतो, हा समज धोक्याचा आहे. लेहला उतरल्यावर गोळी घेतली असली तरी पहिले दोन दिवस विश्रांतीच.

८. ऑक्सिमीटरवर रक्तातला ऑक्सिजन ८४ टक्के आला. परत फिरायचं का?

केवळ आकड्यावरून नाही. गार बोट, नेलपॉलिश, हलणारा हात यांमुळे आकडा चुकतो. हात चोळून गरम करा, पाच मिनिटं स्वस्थ बसा आणि पुन्हा पाहा. ३,५०० मीटरच्या वर ८५ ते ९० दरम्यानचा आकडा अनेकांना येतो. आकडा बरा आणि माणूस आजारी असेल तर लक्षणांवर विश्वास ठेवा (प्रश्न ६). बरोबरच्या सगळ्यांना ९० आणि एकालाच ७२ असेल, तर तो बरा दिसला तरी त्याला वर नेऊ नका.

९. थंडीसाठी काय काय घ्यायचं? एक जाडजूड स्वेटर पुरेल का?

एका जाड कपड्यापेक्षा तीन पातळ थर बरे, कारण दिवसातून पाच-सहा वेळा ते काढावे-घालावे लागतात. अंगालगत घाम शोषून लवकर वाळणारा सिंथेटिक किंवा मेरिनो लोकरीचा टीशर्ट. त्यावर फ्लीस. सर्वांत वर वारा आणि पाणी अडवणारं विंडचीटर. मुक्कामावर घालायला डाऊन, म्हणजे पिसं भरलेलं जॅकेट. सुती बनियन आणि जीन्स घरी ठेवा. सुती कपडा घामाने भिजला की वाळत नाही, आणि थांबलात की तोच अंगातली ऊब ओढून घेतो. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, त्यात वारा वेगळा.

चालायला लागताना थोडी थंडी वाजली पाहिजे. सगळे थर घालून निघालात तर पंधरा मिनिटांत आतून भिजाल.

कानटोपी, हातमोज्यांचे दोन जोड, चार जोड मोजे, त्यातला एक फक्त झोपण्यासाठी. बर्फावर गॉगल लागतोच, बाजू झाकणारा आणि यूव्ही ४०० लिहिलेला. ढगाळ दिवशीही बर्फावरून उलटणाऱ्या किरणांनी डोळे भाजतात आणि रात्री वाळू गेल्यासारखे खुपतात.

स्लीपिंग बॅगवर बहुधा एकाहून जास्त तापमानं छापलेली असतात. ‘कम्फर्ट’ हा आकडा पाहायचा. ‘एक्स्ट्रीम’ म्हणजे कसाबसा जीव तगतो ते तापमान.

१०. सह्याद्रीतले हंटर शूज चालतील का?

कोरड्या वाटेच्या सोप्या ट्रेकला काही जण तेच वापरतात. बर्फ किंवा ओली वाट असेल तर घोट्यापर्यंतचे वॉटरप्रूफ बूट घ्या. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, जाड मोजे घालून मापून पाहा. उतारावर बोटं पुढे आपटता कामा नयेत, म्हणून बहुधा अर्धा नंबर मोठा लागतो. ट्रेकला निघायच्या दोन दिवस आधी पायाची नखं कापा, नाहीतर उतरताना ती काळीनिळी पडतात.

नवे बूट ४०-५० किलोमीटर चालून रुळवा. जुने बूट असतील तर तळवा वाकवून बघा. वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेल्या बुटांचा डिंक कोरडा पडतो आणि सोल तिसऱ्या दिवशी वाटेत सुटतो.

११. नाले ओलांडताना काय वेगळं असतं?

सह्याद्रीतला ओढा पावसाने फुगतो, हिमालयातला नाला उन्हानेही फुगतो. दिवसभर बर्फ वितळतो आणि पाणी दुपारनंतर चढतं. सकाळी घोटाभर असलेला प्रवाह चार वाजता मांडीपर्यंत येऊ शकतो, म्हणून ओलांडायचं ते सकाळी. सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवा, म्हणजे पडलात तर ती झटकता येते. तोंड प्रवाहाकडे, काठीचा आधार, पाय एकावेळी एकच हलवायचा. अनवाणी उतरू नका, मागे पट्टा असलेले सँडल घाला.

बर्फाचंही असंच आहे. पहाटे तो घट्ट असतो, दुपारी भुसभुशीत होऊन पाय गुडघ्यापर्यंत रुततात. शिखराच्या दिवशी रात्री दोन-तीनला निघतात त्याचं हे एक मोठं कारण.

१२. खाण्यापिण्याचं काय? घरून काय न्यावं?

उंचीवर भूक मरते, पण शरीराला जास्त खाणं लागतं. गोड लवकर नकोसं होतं. म्हणून मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं जरूर न्या. मऊ भातावर मेतकूट आणि तूप घातलं की न जेवणाराही चार घास खातो. चालताना खजूर, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याची चिक्की. डिंकाचे लाडू थंडीत दगडासारखे होतात, ते आतल्या खिशात ठेवा.

वर पाणी कमी तापमानाला उकळतं, ३,६०० मीटरच्या आसपास सुमारे ८८ अंशांना. डाळ-भात कुकरशिवाय नीट शिजत नाही. स्वतः स्वयंपाक करणार असाल तर इंधन त्या हिशोबाने जास्त धरा.

दिवसाला तीन-चार लिटर पाणी थोडं थोडं प्या, त्यातलं काही मीठ-साखर घालून. क्लोरीनची गोळी टाकल्यावर निदान अर्धा तास थांबायचं, पाणी बर्फाळ असेल तर त्याहून जास्त. रात्री बाटली स्लीपिंग बॅगमध्ये ठेवा. बाहेर ठेवायची तर उलटी ठेवा, बर्फ वरच्या बाजूने धरतो आणि झाकण मोकळं राहतं.

संकष्टी किंवा श्रावणी सोमवार मधे आला तर? निर्जळी उपास चालणाऱ्या दिवशी मुळीच नको. साबुदाणा, बटाटा, दाणे, राजगिरा भरपूर खाऊन करायचा असेल तर विश्रांतीच्या दिवशी चालेल.

१३. पुण्याहून निघताना सामानात काय अडतं?

गॅसचं सिलिंडर विमानात आणि रेल्वेत दोन्हीकडे चालत नाही, ते डेहराडून किंवा मनालीत घ्या. पॉवरबँक विमानात हातातल्या बॅगेतच, चालायच्या काठ्या चेक-इन सामानात. दिल्लीपर्यंत विमान किंवा दुरांतो, पुढे गाडी. डेहराडून ते सांक्री (हर की दून आणि केदारकंठाच्या वाटा जिथून सुरू होतात ते गाव) सुमारे २०० किलोमीटर असलं तरी घाटरस्त्याने पूर्ण दिवस जातो. गाडी लागत असेल तर पुढची जागा मागा आणि गोळी निघण्याआधी घ्या. परतीचं तिकीट ट्रेक संपल्याच्या दुसऱ्याच दिवसाचं काढू नका, मधे एक दिवस मोकळा ठेवा. दरड कोसळली तर तो कामी येतो.

स्वतः वाहायची सॅक ४५-५० लिटरची आणि भरून १० किलोच्या आत.

१४. बीपी, मधुमेह, दमा असेल किंवा वय साठीकडे असेल तर?

नियंत्रणात असलेलं बीपी किंवा दमा घेऊन अनेक जण जातात. फिजिशियनला फक्त ‘ट्रेकला जातोय’ एवढं सांगू नका. कमाल उंची, रोजचे चालायचे तास आणि जवळचं रुग्णालय किती तासांवर आहे हे लिहून न्या. पन्नाशीच्या पुढे हृदयाची तपासणी करून घ्या. हिमोग्लोबिन सगळ्यांनीच तपासावं, कमी असेल तर दोन-तीन महिन्यांत ते वाढवता येतं. इन्सुलिन गोठलं की निकामी होतं, ते अंगालगत ठेवा. थंडीत ग्लुकोमीटरही चुकीचं दाखवू शकतो, तोही गरम ठेवा. सिकलसेल (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) असेल किंवा गरोदरपण असेल तर हे ट्रेक नकोत.

१५. पाळी ट्रेकमध्ये आली तर?

चालायला हरकत नाही. प्रवास, थंडी आणि उंचीने तारीख मागेपुढे होते, म्हणून तारीख लांब असली तरी साहित्य बरोबर हवंच. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून झिपलॉक पिशवीत, ती अपारदर्शक पिशवीत, आणि सगळं खाली परत आणायचं. वर ते पुरलं तरी थंडीत कुजत नाही, जनावरं उकरून काढतात. गोळ्यांनी पाळी पुढे ढकलायची असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना उंचीबद्दल स्पष्ट सांगा. काही हार्मोनच्या गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो.

१६. ट्रेक नेणारी संस्था कशी पारखायची?

किमतीच्या आधी चार गोष्टी विचारा. रोजच्या मुक्कामाची उंची किती? राखीव दिवस आहे का? ऑक्सिजन सिलिंडर कोणत्या मुक्कामापर्यंत बरोबर असतो? आणि कोणी आजारी पडलं तर त्याला घेऊन कोण उतरतं, मग उरलेल्या गटाबरोबर कोण राहतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर चाचपडत आलं तर दुसरीकडे जा.

विम्यात ट्रेकिंग आणि उंचीची मर्यादा स्पष्ट लिहिली आहे का ते पाहा. ढगाळ हवेत हेलिकॉप्टर येत नाही, त्यामुळे विमा असला तरी पायी उतरायची तयारी हवी.

१७. मित्राला त्रास होतोय, पण तो ‘मी ठीक आहे’ म्हणतो. काय करावं?

हा सर्वांत अवघड प्रश्न. मेंदूला ऑक्सिजन कमी पडला की आधी जाते ती स्वतःची अवस्था ओळखण्याची शक्ती, त्यामुळे त्याचं म्हणणं पुरावा धरायचं नाही. रेघेवर चालवून बघा (प्रश्न ६). ताट उष्टं टाकलंय का, बुटाची नाडी बांधायला किती वेळ लागतोय, नेहमीचा बडबड्या गप्प आहे का, हे पाहा.

‘माझ्यामुळे सगळ्यांचा ट्रेक बुडेल’ ही भीती त्याच्या मनात असते. म्हणून निघण्याआधी पुण्यातच जोड्या ठरवा: एक उतरला की त्याचा जोडीदार उतरणार, त्यावर वरती चर्चा नाही. पैसे आणि रजा वाया जाण्याचं बोलणंही घरीच उरकून घ्या.

१८. बर्फ, दोर, खरं शिखर यांत पुढे जायचं असेल तर?

दोन-तीन ट्रेक झाल्यावर बेसिक माउंटेनिअरिंग कोर्स करा. उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट आणि मनालीची संस्था तो घेतात. कोर्स साधारण चार आठवड्यांचा असतो. जागा लवकर भरतात, म्हणून अर्ज बऱ्याच आधी करा. पुण्यात गिर्यारोहणाची परंपरा भक्कम आहे. इथल्या गिरिप्रेमी संस्थेने २०१२ मध्ये एव्हरेस्ट आणि २०१९ मध्ये कांचनजुंगा मोहीम यशस्वी केली. अनुभवी माणसं जवळ आहेत, त्यांना जाऊन भेटा.

१९. परत आल्यावर सामान कसं ठेवायचं?

डाऊन जॅकेट आणि स्लीपिंग बॅग पिशवीत कोंबून ठेवू नका, आतली पिसं चेपतात आणि पुन्हा फुगत नाहीत. दोन दिवस सावलीत वाळवा आणि सैल सुती पिशवीत किंवा कपाटात टांगून ठेवा. पुण्याच्या पावसाळ्यात बुरशी धरते, म्हणून सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि ऑगस्टमध्ये ऊन पडेल त्या दिवशी एकदा बाहेर काढा. बूट धुवून, आत वर्तमानपत्राचे बोळे घालून वाळवा. आणि ते माळ्यावर टाकू नका, महिन्यातून एकदा सिंहगडावर न्या.